कळ आमची, हुकूम तुमचा



व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरसाठी एक्स्टेन्शन लिहून ती सगळ्यांना मोफत देणाऱ्या तुम्हा मंडळींना हे पत्र आहे. 'मोफत' हे सुरुवातीलाच लिहिलं, कारण ते विसरून तक्रार करणं बरं नव्हे. तुमच्यातले कितीतरी जण नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात हे काम करतात, त्याचे पैसे घेत नाहीत आणि बोलणी मात्र पगारी माणसासारखी खातात. तरीही तक्रार करते आहे. ती दूर करायला तुमच्या कोडमध्ये फारशी उलथापालथ करावी लागत नाही. बहुतेक वेळा एक ओळ पुरते, आणि तीही लिहायची नसते, खोडायची असते.

ती ओळ तुमच्या पॅकेज डॉट जेसन या फाइलमध्ये असते. तिथे 'कीबाइंडिंग्ज' नावाची एक यादी आहे. तिच्यात एक कळ, त्या कळेने चालणारी एक कमांड आणि तुम्हाला आठवलीच तर 'व्हेन' नावाची एक अट. एक्स्टेन्शन तयार झालं की एखादा छानसा शॉर्टकट हवा असं वाटतं. तुमच्या मशिनवर दोन-चार जोड्या दाबून बघता, एखादी मोकळी दिसते, ती घेता. तुमच्या मशिनवर ती खरंच मोकळी असते. आमच्याकडे ती मोकळी असेलच असं नाही.

पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. हा एडिटर नियमांची यादी खालून वर वाचतो. कळ आणि अट दोन्ही जुळणारा पहिला नियम सापडला की तो चालवतो आणि थांबतो. त्याच्या वर काय लिहिलंय ते बघत नाही. यादीत सगळ्यात वर एडिटरचे स्वतःचे नियम, त्यांच्याखाली एक्स्टेन्शनचे आणि तळाला वापरणाऱ्याने स्वतः लिहिलेले. म्हणजे तुमचा नियम दाखल झाला की एडिटरचा मूळ नियम आपोआप मागे पडतो. ना इशारा, ना विचारणा. वापरणाऱ्याला तळाशी स्वतःचा नियम लिहून तुम्हाला हरवता येतं हे खरं, पण आपण हरलो आहोत हे आधी कळायला तर हवं. त्यात एक्स्टेन्शन आपोआप अद्ययावत होत असतात. त्यामुळे काल शहाण्यासारखं वागणारं एक्स्टेन्शन आज सकाळी नवी कळ खिशात घालून हजर होऊ शकतं, आणि आम्ही मधल्या काळात काहीच इन्स्टॉल केलेलं नसल्यामुळे आमचा संशय त्याच्यावर जात नाही.

उदाहरण माझंच देते. मी मराठी मजकूर याच एडिटरमध्ये तयार करते, विंडोजवर, इनस्क्रिप्ट कीबोर्डाने. इनस्क्रिप्ट ही भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ सालच्या आयएस १३१९४ या मानकात दिलेली मांडणी. तिच्या विंडोजमधल्या रूपात कंट्रोल-शिफ्ट-१ दाबलं की शून्य रुंदीचा एक जोडक उमटतो, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही. पण 'र', मग हलन्त आणि मग हा जोडक आला की पुढच्या 'य'च्या डोक्यावर रफार चढत नाही, आडवा अर्धा र उमटतो. मराठीत हा फरक शोभेचा नाही. आचार्यांना बोलावलं तर व्याख्यान होतं, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण होतं. ज्यांना शिफ्ट-जे वरचा नुक्त्याचा ऱ वापरायची सवय आहे त्यांचं या जोडकावाचून अडत नाही, पण जुनी सवय असलेली बोटं अजूनही त्याच वाटेने जातात.

तर माझ्या मजकुरात सगळीकडे रफार चढू लागले. दुसऱ्या, बिचाऱ्या, शेतकऱ्या, सगळ्यांच्या डोक्यावर. असं झालं की माणूस आधी कुणाला धरतो? फॉन्टला. मग विंडोजच्या ताज्या अपडेटला. मग कीबोर्डातल्या धुळीला. तुमचं नाव कुणाच्या डोक्यात येतं? आलं तर ते सगळ्यात शेवटी.

उलगडा कसा झाला ते जरा तपशिलाने सांगते, कारण तुमच्या एका ओळीची किंमत दुसऱ्याकडून कशी वसूल होते ते त्यातूनच दिसतं. तीच अक्षरं नोटपॅडमध्ये टाइप केली, बरोबर उमटली. म्हणजे कीबोर्ड, विंडोज आणि फॉन्ट तिघेही निर्दोष. मग एडिटर बंद करून 'डिसेबल एक्स्टेन्शन्स' हा पर्याय देऊन उघडला, तिथेही बरोबर. म्हणजे एडिटरही निर्दोष, आरोपी एक्स्टेन्शनपैकी कुणीतरी. इथून पुढे दोन वाटा आहेत. एक 'एक्स्टेन्शन बायसेक्ट'ची. ती अर्धी एक्स्टेन्शन बंद करते, विचारते की दोष गेला का, मग उरलेल्यांतली अर्धी, असं करत एकावर येऊन थांबते. बत्तीस एक्स्टेन्शन असतील तर पाचएक फेऱ्यांत निकाल, आणि प्रत्येक फेरीला खिडकी नव्याने उघडते. कोणता दोष शोधतोय हे स्वतःलाच नीट सांगता येत नसेल तेव्हा ही वाट चांगली.

दुसरी वाट जास्त नेमकी आहे. कमांड पॅलेटमध्ये डेव्हलपर गटाखाली 'टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग' नावाची कमांड मिळते. ती चालू केली की खाली आउटपुटच्या पॅनेलमध्ये प्रत्येक कळेची नोंद पडू लागते: कोणती कळ आली, बरोबर कंट्रोल होतं की शिफ्ट, किती नियम तपासले, कोणता जुळला, त्याची अट काय आणि तो नियम कुठून आला. या शेवटच्या रकान्यात नियम मुळातला आहे, वापरणाऱ्याचा आहे की एक्स्टेन्शनचा, ते लिहिलेलं असतं. एक्स्टेन्शनचा असेल तर त्याच्या ओळखनावासकट. मी कंट्रोल-शिफ्ट-१ दाबलं आणि ओळींना क्रमांकाच्या खुणा लावून ठेवणाऱ्या एका एक्स्टेन्शनचं नाव समोर आलं. एक ते नऊ आकड्यांच्या नऊ खुणा, म्हणून नऊ जोडकळा. खुणा समासात उमटतही होत्या, पण अक्षर बिघडलेलं असताना समासाकडे कोण बघतं?

बरं, त्या एक्स्टेन्शनने अट नीट लिहिली होती. मजकुरात कर्सर असेल तरच कळ चालावी, अशी. म्हणजे नियमाप्रमाणे त्याने सगळं केलं होतं. चुकली होती ती कळेची निवड, आणि ती चूक त्याला त्याच्या मशिनवरून कधीच दिसली नसती. म्हणून हे पत्र त्या एकाला नाही.

तुमचं उत्तर ठाऊक आहे. 'शॉर्टकट बदलता येतो की! कीबोर्ड शॉर्टकट्सच्या पानावर जा, उजवं क्लिक करा, काढून टाका.' किंवा कीबाइंडिंग्जच्या फाइलमध्ये तीच कमांड आधी वजाचं चिन्ह लावून लिहा. येतं, मान्य. मीही तेच केलं, आणि ते करायला काहीच वेळ लागला नाही. पण बदलायचं काय हे कळेपर्यंतचा जो रस्ता वर सांगितला तो तुम्ही हिशोबात धरत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी त्या रस्त्याने जात नाही. हे असंच असतं, असं समजून तो गप्प बसतो किंवा एडिटर पुन्हा इन्स्टॉल करतो, आणि खात्याशी जोडलेली एक्स्टेन्शन त्याच्यामागोमाग परत येतात. पाहुण्याने स्वयंपाकघरातल्या मिठाची आणि साखरेची बरणी अदलाबदल करून ठेवावी आणि वर म्हणावं, बरण्या कुठेही हलवता येतात की!

हा प्रश्न नवा नाही आणि त्याची उत्तरंही नवी नाहीत. तुम्ही ज्यांच्या खांद्यावर उभे आहात त्यांनी ती कधीच शोधून ठेवली आहेत. जीएनयू ईमॅक्स १९८५ पासूनचा. त्याच्यासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना त्याच्या संदर्भग्रंथात कळांचे संकेत सांगितले आहेत. कंट्रोल-सी आणि त्यानंतर एखादं साधं अक्षर, ही सगळी जागा वापरणाऱ्याची. कुठल्याही पॅकेजने तिच्यात शिरायचं नाही. एफ-५ ते एफ-९ या कळाही त्याच्याच. एकेका प्रकारच्या फाइलसाठी लिहिलेल्या मुख्य मोडना कंट्रोल-सी नंतर कंट्रोलसकट अक्षर किंवा आकडा, छोट्या सहायक मोडना बहुतेक विरामचिन्हं, अशी गावाच्या शिवेसारखी आखणी. सगळे ती पाळतात असं नाही. पण कुणी मोडली तर कुणाचं चुकलं हे सांगायला लिहिलेला नियम आहे. तुमच्याकडे तोच नाही. तुमच्या जगात एकही कळ अशी नाही की जिच्यावर 'ही वापरणाऱ्याची' अशी पाटी आहे.

व्हिमचं उत्तर मला आणखी आवडतं. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर आणला. त्याच्या नियमपुस्तकात प्लगिन लिहिणाऱ्याला सांगितलं आहे की आपल्या कामाला 'प्लग' या नावाचं एक आभासी टोक द्या, जे कीबोर्डावरून टाइप करताच येत नाही. वापरणाऱ्याने त्या टोकाला आपल्या पसंतीची कळ जोडायची. प्लगिनला स्वतःहून कळ द्यायचीच असेल, तर वापरणाऱ्याने आधी कुठली जोडली आहे का ते तपासा आणि जोडली असेल तर गप्प राहा. आणि तीही 'लीडर' कळेच्या मागे द्या. ती मुळात उलटी तिरकी रेघ असते, पण कोणती ठेवायची हे ठरवणारा वापरणाराच. वर आणखी एक सोय अशी की एक चल ठरावीक नावाने मांडून ठेवलं, तर सभ्य प्लगिन आपल्या कळा लावतच नाहीत. हे सगळं करायला व्हिमची माणसं काही तुमच्याहून रिकामटेकडी नव्हती. दुसऱ्याची बोटं कुठे बसली आहेत हे आपल्याला माहीत नसतं, एवढं त्यांनी गृहीत धरलं.

(व्हिमवरून आठवलं. त्याच्या नॉर्मल अवस्थेत इनस्क्रिप्ट चालू राहिला तर एच, जे, के, एल या कर्सर हलवणाऱ्या चार कळांतून प, र, क, त बाहेर येतात आणि कर्सर जागचा हलत नाही. व्हिमने त्यासाठी 'लँगमॅप' हा पर्याय ठेवला आहे. मराठीत लिहिणाऱ्या किती जणांना तो माहीत आहे, देव जाणे.)

आता कंट्रोल-ऑल्टबद्दल. ही जोडी तुम्हाला फार लाडकी आहे, कारण एडिटरने ती अक्षरांसाठी फारशी वापरलेली नाही आणि म्हणून ती रिकामी दिसते. ती का वापरलेली नाही, हे कुणी विचारत नाही. विंडोजमध्ये कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबणं म्हणजे उजवीकडची ऑल्ट-ग्राफ कळ दाबणं, असा जुना संकेत आहे, आणि जगभरच्या कितीतरी कीबोर्डांवर त्या कळेमागे अक्षरं बसलेली आहेत. पोलिश मांडणीत तिच्याबरोबर एन दाबलं की डोक्यावर रेघ असलेलं एन येतं. ते त्यांच्या वर्णमालेतलं रोजचं अक्षर आहे. आपल्याकडच्या 'इंग्लिश इंडिया' मांडणीत तिच्याबरोबर ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह येतं. हे चिन्ह केंद्र सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं, त्याच वर्षी युनिकोडमध्येही आलं आणि मग कीबोर्डावर चारच्या मागे जाऊन बसलं. मायक्रोसॉफ्टच्याच रेमंड चेन यांनी २००४ मध्ये लिहून ठेवलं आहे की कंट्रोल-ऑल्टने सुरू होणारे शॉर्टकट ठेवू नका, कुणाचं तरी अक्षर जाईल. अलीकडे एडिटरने ऑल्ट-ग्राफ वेगळी ओळखण्याची सेटिंग दिली आहे, त्यामुळे धोका कमी झाला. पण उजव्या ऑल्टपर्यंत हात न नेता कंट्रोल आणि ऑल्ट दोन्ही दाबून अक्षर काढणारे लोक आहेत, आणि विंडोजने तो संकेत त्यांच्यासाठीच ठेवला होता. कोड चालवायला, चित्र चिकटवायला, शीर्षकाची पातळी बदलायला तुम्ही हीच जोडी घेता. शीर्षकांचं मी समजू शकते. वर्डमध्ये कंट्रोल-ऑल्ट-१ ने पहिल्या पातळीचं शीर्षक होतं, तेच इथे आणायचा मोह होतो. पण वर्डने केलं म्हणून ते तुम्हालाही परवडेल असं नाही.

मॅकवाल्यांची तऱ्हा वेगळी. तुम्ही 'की' या रकान्यात कंट्रोल-ई लिहिता आणि 'मॅक' हा रकाना रिकामा सोडता. मग मॅकवर कंट्रोलचं कमांड आपोआप होत नाही, कंट्रोल-ईच राहतं. आणि मॅकवर कंट्रोल-ई म्हणजे ओळीच्या शेवटी जा, कंट्रोल-ए म्हणजे ओळीच्या सुरुवातीला. या हालचाली मॅकच्या बहुतेक मजकूर-खिडक्यांत चालतात, ईमॅक्सच्या काळापासून लोकांच्या बोटांत आहेत. एक रिकामा रकाना भरला असता तर त्या वाचल्या असत्या.

दोन कळांच्या साखळीबद्दल तर तुम्हा लोकांचा गोड गैरसमज आहे. एक कळ घेतली तर दुसऱ्याची जाईल, म्हणून आपण दोन कळांची साखळी ठेवू, ती कुणाच्या पायात येणार नाही, असं वाटतं. कंट्रोल-के ने सुरू होणारी साखळी असेल तर ठीक, एडिटरच्या स्वतःच्या साखळ्याही तिथूनच सुरू होतात. पण समजा तुम्ही कंट्रोल-शिफ्ट-एम आणि मग आणखी काही, अशी साखळी केली. कंट्रोल-शिफ्ट-एम ने एरवी चुकांचं पॅनेल उघडतं. आता ते उघडत नाही. एडिटर दुसऱ्या कळेची वाट बघत थांबतो आणि तसं तळाच्या पट्टीवर बारीक अक्षरात लिहितो. ज्याला पॅनेल हवं होतं तो पुन्हा तेच दाबतो, आणि पुन्हा काहीच होत नाही.

सगळ्यांत मोठा गुन्हा मात्र 'व्हेन' कोरं सोडण्याचा. अट नाही म्हणजे कळ सगळीकडे चालणार: शोधाच्या चौकटीत, फाइलींच्या यादीत, कमिटचा संदेश लिहिताना. मार्कडाउनसाठी कंट्रोल-बी घेऊन अक्षर ठळक करणारी एक्स्टेन्शन आहेत, आणि कंट्रोल-बी ने मुळात बाजूची पट्टी मिटते-उघडते. तरीही मला त्यांचा राग येत नाही. फाइल मार्कडाउन असेल आणि कर्सर मजकुरात असेल तरच, अशी अट ती घालतात. आणि ठळक अक्षरासाठी कंट्रोल-बी ची अपेक्षा जगात सगळेच करतात. हा सौदा उघड आहे. राग येतो तो पायथॉनच्या फाइलमध्येही मार्कडाउनचे शॉर्टकट जागे ठेवणाऱ्यांचा.

तुमच्यातले काही जण स्वतःचं पॅनेल बनवतात आणि त्यात एकेका अक्षराचे शॉर्टकट ठेवतात. नुसतं डी दाबलं की डिलीट. वेबच्या सुगम्यतेच्या नियमावलीत, २०१८ च्या २.१ या आवृत्तीत, यासाठी खास कलम आहे: एका अक्षराचा शॉर्टकट बंद करता यावा, बदलता यावा किंवा त्या घटकावर लक्ष असेल तेव्हाच चालावा. बोलून संगणक चालवणाऱ्यांच्या तोंडचा एखादा शब्द चुकून अक्षर-अक्षर करून आत गेला तर काय काय पुसलं जाईल, याची कल्पना करा. नियमावली वेबपानांसाठी आहे, पण तुमचं पॅनेल आतून वेबपानच असतं.

तुमची एक अडचण खरी आहे, ती नाकारत नाही. शॉर्टकट दिला नाही तर सोय आहे हेच लोकांना कळत नाही. पण ती कळवायला इतर जागा आहेत. कमांडला नीट नाव द्या. कमांड पॅलेटमध्ये शोधणारा ते शोधतोच. एडिटरमध्ये पहिल्या ओळखीची पानं करता येतात, तिथे 'या कामाला कळ जोडायची का?' असं बटण ठेवा. रीडमीमध्ये नमुना लिहा, कॉपी करून चिकटवता येईल असा. हे सगळं करूनही कळ द्यायचीच असेल तर एकच द्या, ज्या कामासाठी तुमचं एक्स्टेन्शन लोक घेतात त्याची. दहाव्या क्रमांकाच्या सोयीलाही मुळातून कळ हवी, असं समजण्याचं कारण नाही.

एडिटर बनवणाऱ्यांनाही दोन शब्द. एक्स्टेन्शनच्या पानावर 'फीचर्स'च्या टॅबमध्ये ते कोणत्या कमांडला कोणती कळ देतं ते तुम्ही दाखवता, आभार. पण इन्स्टॉल करताना तो टॅब कोण उघडतं? आता नव्या प्रकाशकाचं पहिलं एक्स्टेन्शन घेताना 'यांच्यावर विश्वास आहे का?' असं तुम्ही विचारता. त्याच चौकटीत आणखी एक ओळ मावेल: हे एक्स्टेन्शन घेतलंत तर या कळांचं काम बदलेल. तुमच्या यंत्राला ते आधीच माहीत असतं. 'शो सेम कीबाइंडिंग्ज' म्हटलं की एका कळेवरचे सगळे दावेदार तुम्ही क्षणात मांडून दाखवता. मग ते आम्ही विचारल्यावरच का?

शेवटी, ज्यांच्या एक्स्टेन्शनमध्ये अशा कळा आजच आहेत त्यांच्यासाठी. हे पत्र वाचून उद्याच्या आवृत्तीत त्या गुपचूप काढून टाकू नका. तुमच्या कंट्रोल-शिफ्ट-१ ची सवय झालेलेही लोक आहेत, आणि त्यांच्या बोटांचा हक्क माझ्या बोटांइतकाच आहे. पुढच्या आवृत्तीत एक सेटिंग द्या, जुने शॉर्टकट चालू ठेवायचे की नाहीत हे विचारणारं. आधीपासून वापरणाऱ्यांसाठी ते चालू असू द्या, नव्याने येणाऱ्यांसाठी बंद. आणि हा बदल चेंजलॉगच्या पहिल्या ओळीत लिहा, 'किरकोळ सुधारणा' या मथळ्याखाली नको.

कळावे,
तुमच्या एका एक्स्टेन्शनची नियमित वापरकर्ती